मुकं चाक

मोर्णेच्या काठच्या त्या गावात किसनरावांना दोन नावं होती. तोंडावर किसनराव, आणि पाठ फिरली की हौशी सुतार. दुसरं नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेच त्यांना जास्त आवडायचं. घरची काळी कसदार जमीन, दारात बैलजोड्या, बळदात ज्वारी, आणि हा माणूस सकाळी शेतात जायच्या आधी हातात वाकस घेऊन लाकूड तासत बसायचा! लोकांना गंमत वाटणारच. हसायचे, हसोत बापडे. हसणाऱ्यांच्या घरी पाट डुगडुगायचे आणि किसनरावांच्या घरच्या पाटावर भरलेला तांब्या ठेवला तर पाणी हलत नसे.

त्यांना शिकवलं ते नत्थुजी सुतारानं. नत्थुजी गावचा बलुतेदार, हाताचा पक्का आणि जिभेचा तिखट. किसनराव पहिल्यांदा त्याच्या कामठ्यावर, म्हणजे सुतारकामाच्या जागी, जाऊन बसले तेव्हाच त्यानं बजावलं होतं, "शिका, खुशाल शिका. पन दुसऱ्याच्या घरचं काम हातात घेऊ नोका. तुमची हौस होईल अन् माह्या पोटावर पाय येईल." किसनरावांनी तिथल्या तिथे शब्द दिला, आणि जन्मभर पाळला. शेजारणीनं साधं लाटणं मागितलं तरी म्हणायचे, "नत्थुजीकडे जा बाई. माह्या हातचं फक्त माह्याच घरात."

गोठ्याशेजारची उगवतीकडे तोंड असलेली पडवी हे त्यांचं काम करायचं ठिकाण. उगवतीकडेच का, तर त्यालाही कारण होतं. सकाळचा उजेड आडवा येतो, त्यात लाकडावरचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. दुपारच्या उजेडात सगळं सपाट दिसतं आणि माणूस फसतो. अशा कितीतरी गोष्टी ते काम करता करता बोलायचे, कुणी ऐको न ऐको. रेघेवर कापू नये, रेघेच्या अलीकडे कापावं. लाकूड काढता येतं, पुन्हा चिकटवता येत नाही. हात कापतं ते बोथट हत्यार, कारण त्याच्यावर जोर द्यावा लागतो. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो तसा लाकडाच्या रेषेनं रंधा फिरवावा, उलटा फिरवाल तर ओरबाडून घ्याल. आणि पटाशीनं कापावं, उचकटू कधी नये. यावर तर ते फार कडक होते. एकदा सुभद्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, गुळाची ढेप फोडायला पटाशी नेली, तर दोन दिवस नवराबायकोत बोलणं नव्हतं.

आणि लाकूड! लाकडाच्या बाबतीत या माणसाची चिकाटी विचारू नका. थंडीत, वद्य पक्षात झाड तोडायचं. ओंडका एक पावसाळाभर डोहात बुडवून ठेवायचा, म्हणजे आतला गोड रस निघून जातो आणि कीड लागत नाही. मग सावलीत आडवा ठेवायचा, दोन्ही तोंडांना शेण लिंपायचं. तोंडं उघडी राहिली तर ती आधी वाळतात आणि ओंडका फाटतो. असं दोन-तीन वर्षं. बोटाच्या पेरानं वाजवलं की ओलं लाकूड ढप्प बोलतं, वाळलेलं टणटणीत बोलतं. त्यांच्या पडवीत तिवस, बाभूळ, धावडा, सागवान असं सगळं मुरत पडलेलं असे. कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसे.

"लोकांच्या घरी आंब्याचं लोनचं मुरते," सुभद्राबाई म्हणायच्या, "अन् आमच्या घरी लाकडाचं."

त्या पडवीत त्यांच्या सोबतीला असायची ती वच्छला, त्यांची एकुलती लेक. रंध्यातून निघालेली लाकडाची वेटोळी ती बांगड्या म्हणून कोपरापर्यंत चढवायची आणि ओंडक्या-ओंडक्याला टकटक करत फिरायची. "बाबा, हे अजून कच्चं बोलून राह्यलं." बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं. किसनराव तेव्हा एवढे फुलून जायचे की हातातलं काम तसंच राहायचं. पुढे तिचं लग्न झालं, ती पातूरला गेली, आणि पडवीतली टकटक थांबली. किसनराव तासभर रंधा मारायचे आणि मधेच मागे वळून बघायचे.

मग तो कापसाचा जमाना आला. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत म्हणे लढाई जुंपली, तिथला कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. काय दिवस होते ते! पऱ्हाटीला बोंडं नाही, रुपये लागत होते. काल ज्याच्या अंगावर धड सदरा नव्हता तो आज जरीचा पटका बांधून अकोल्याच्या जुन्या शहरात पानं चघळत फिरू लागला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. तेवढ्यानंही पोट भरेना, तेव्हा काही बहाद्दरांनी दमणीच्या, म्हणजे माणसं बसायच्या हलक्या बैलगाडीच्या, चाकांवर लोखंडी पट्टीच्या जागी चांदीची धाव चढवली. अहो, चाकाला चांदी! रस्त्यावरची धूळ ती, तिला काय कळतं चांदी आणि लोखंड? पण अति झालं की हसू येतं, तेही तेव्हा कुणाला येत नव्हतं.

वच्छलेचे सासरे, म्हणजे किसनरावांचे इवाई खुशालराव, या बहाद्दरांतले पहिले. माणूस वाईट नव्हता, पण पैशानं फुगला होता. पोळा होऊन चार दिवस झाले असतील, त्यांचा गडी निरोप घेऊन आला. वच्छलेला दिवस गेले होते, पाचवा सरत होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तर जगाची रीत. सातव्यात न्यायचं, कारण आठव्यात गाडीत बसवत नाहीत. पण खुशालरावांचं म्हणणं असं, की आमची सून ठिगळं लावलेल्या बैलबंडीत बसून गावातून जाणार नाही. न्यायला चांदीच्या धावेची दमणी आणा. ते जमत नसेल तर बाळंतपण इथेच होईल.

सुभद्राबाई मटकन खाली बसल्या. खुशालरावांच्या घरी बाईमाणूस नव्हतं. वच्छलेची सासू कधीच वारलेली, घरात सगळे पुरुष. "माही लेक पहिलटकरीन हाये वो," त्या म्हणाल्या. "तिले घाम आला तर पुसाले कोन हाये तिथं? रुक्मिनीलेही माहेर होतं कौंडण्यपूरले. माह्या वच्छीले नाई का?"

 किसनरावांनाही रडू फुटत होतं.

चांदीची अडचण नव्हती. कापूस त्यांनाही पावला होता. अडचण होती दमणीची. साऱ्या मुलखातले सुतार कापसाच्या बंड्या करायला अमरावतीच्या बाजारात जाऊन बसले होते, आणि नत्थुजीही त्यांच्यातच. पैसा मिळेल, पण सुतार मिळणार नाही, असे ते उफराटे दिवस. किसनराव सकाळी पडवीत गेले, शेण लिंपलेल्या त्या ओंडक्यांकडे बघत उभे राहिले, आणि त्यांना एकदम कळलं की हे लाकूड इतकी वर्षं कशासाठी मुरत होतं.

साटा, दांड्या, वरचं छत, हे त्यांना जमणारं होतं. चाक मात्र त्यांनी कधी केलं नव्हतं. चाक हा सुतारकीचा कळस. तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याला, तिवस घेतला, कारण तो फाटत नाही. आऱ्यांना आणि गोलाईच्या तुकड्यांना बाभूळ, आसाला धावडा. प्रत्येक आरा तुंब्यात बसवताना ते खाच मुद्दाम किंचित कमी कोरायचे आणि मोगरीनं ठोकत आरा आत घालायचे. सैल बसलेल्या आऱ्याला पाचर मारून घट्ट करता येतं, पण पाचर म्हणजे खोटी साक्ष, आज ना उद्या निघतेच. एक आरा सैल बसला तर त्यांनी तो फेकून दिला आणि नवा केला. सुभद्राबाई दारात येऊन विचारायच्या, "झालं का?" ते म्हणायचे, "लाकूड माही घाई आयकत नाई, तुही काय आयकीन!" मग त्यांनाच वाईट वाटायचं. दिवस सातव्याकडे सरकत होते हे त्यांना दिसत नव्हतं थोडंच?

दसऱ्याला हत्यारांची पूजा करायला नत्थुजी अमरावतीहून गावी आला आणि तडक किसनरावांच्या पडवीत शिरला. दोन्ही चाकं भिंतीला टेकून उभी होती. तो थबकला. किसनराव चोरासारखे उभे राहिले.

"चाक केलं तुमी?"

"माह्याच घरचं काम हाये, नत्थुजी. वच्छीले आनाले."

नत्थुजीनं चाक आसावर चढवलं, हातानं फिरवलं आणि डोळे मिटून कान लावला. चाक फिरत राहिलं. ना कुई, ना कर्र. ते आपोआप थांबेपर्यंत तो हलला नाही.

"मुकं हाये," तो म्हणाला. "बोलनारं चाक कच्चं, मुकं चाक पक्कं. माह्या बापाचं एक चाक असं होतं. माहं अजून एकही नाई." आणि त्यानं किसनरावांच्या हातातला विडा घेऊन तोंडात टाकला. किसनरावांना त्या दिवशी सोनं वाटायची गरज उरली नाही, त्यांना मिळायचं ते मिळालं होतं.

पण चांदीच्या धावेचं ऐकलं मात्र, नत्थुजी उसळला. "चांदी? अन् ते काहून? अवो, लोखंडी धाव लाल करून चढवतो, पानी वततो, ती थंड होता होता चाकाले आवळते. म्हनून चाक एका जीवाचं राह्यते. चांदी नरम! ती काय आवळीन? पातूरच्या घाटात आरे खुळखुळे होतीन!"

किसनरावांना हे ठाऊक नव्हतं का? पुरेपूर ठाऊक होतं. पण चांदीशिवाय लेक येणार नव्हती, आणि चांदीवर तिला बसवायचं तर चाक वाटेत निखळायची भीती होती. दोघं बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. तेव्हा सुभद्राबाई आतून कडाडल्या, "महालक्ष्मीले पितळी मुखोटा चढवता ना? आत तर लाकडाची घडवंचीच राह्यते. आत लोखंड घाला, वरून चांदीचा पत्रा. त्या इवायाले मुखोटाच पाह्याचा हाये, पाहू द्या!"

झालं. लोहारानं गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल केली, चाकावर चढवली, वर घागरी ओतल्या. चाक एकदाच कळवळलं आणि जे गप्प झालं ते झालंच. जुन्या शहरातल्या सोनारानं वरून चांदीचा पत्रा ठोकून दिला.

पातूरला दमणी उभी राहिली तेव्हा खुशालराव स्वतः पायरी उतरून आले. चांदीवरून नख फिरवलं, खूश झाले. मग म्हणाले, "इवाईबुवा, तुमची दमनी आली ते कळलंच नाई. वाजत काहून नाई? आमची तर येशीपासून आयकू येते. श्रीमंताची गाडी गावाले आयकू गेली पायजे!" त्यांची दमणी खरोखरच साऱ्या पातुराला ऐकू जायची, आणि का जायची ते किसनरावांना पक्कं माहीत होतं. पण लेक पदरात पडायची होती. "कच्चे हात माहे," एवढंच ते म्हणाले.

वच्छला बाहेर आली. वाळली होती पोर, डोळे तेवढे मोठे झाले होते. दमणीत चढायच्या आधी तिनं सवयीनं चाकाला टकटक केलं आणि बापाकडे बघून हसली. किसनरावांनी पागोट्याचं टोक डोळ्याला लावलं, धूळ गेली म्हणाले.

पातुराबाहेरची वाट खडकाळ. कोसभर गेल्यावर पत्र्याचे खिळे ढिले झाले आणि चांदी दगडावर ठणठणू लागली. प्रत्येक ठणक्याला वच्छला पोटावर हात धरायची. "बाबा, हे वाजते तं आत दचकते."

किसनरावांनी बैल थांबवले. एका निंबाखाली दमणी लावली, थैलीतून पटाशी काढली आणि चांदीचा पत्रा चाकावरून उचकटायला सुरुवात केली. पटाशीनं! वच्छला बघतच राहिली. "बाबा, पटाशीनं उचकटू नये ना?"

"नयेच," ते म्हणाले आणि उचकटत राहिले. पटाशीचं टोक उडालं, तरी थांबले नाहीत. चांदीची भेंडोळी करून त्यांनी बैठकीखाली टाकली. मग दमणी निघाली ती काळ्या लोखंडी धावेवर, अशी अलगद, की अर्ध्या वाटेत वच्छलेला झोप लागली. बाप पुढे बसून मागे वळून वळून बघत होता. लहानपणी पडवीत बघायचा तसाच, पण आता मागे ती होती.

पौषात वच्छलेला मुलगी झाली, तिचं नाव मैना ठेवलं. बारशाला खुशालराव आले, आल्या आल्या चाकाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "इवाई, चांदी कुठी गेली?"

किसनरावांनी पाळण्यातल्या मैनेच्या पायावरची दुपटी बाजूला केली. इवल्या पायांत चांदीचे वाळे होते, आत खडा घातलेले. "गेली नाई. पायातच हाये," ते म्हणाले. मैनेनं पाय झाडले, वाळे छुनछुनले. खुशालराव आधी गोंधळले, मग एवढे हसले की पागोटं सुटलं. नातीपुढे कुणाचा ताठा टिकला आहे? वच्छला परत निघाली तेव्हा किसनरावांनी ती दमणी तिलाच देऊन टाकली.

पुढे तिकडची लढाई थांबली आणि कापसाचा भाव असा कोसळला की पटके उतरले, शेंब्या उतरल्या, खुशालरावांच्या चाकाची चांदीही उतरली. राहिली ती किसनरावांची दमणी. दर आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला वच्छला तिच्यातूनच यायची. आता खुशालराव काही अट घालत नसत.

पण एक गोष्ट झाली, आणि ती या माणसाच्या कधी ध्यानात आली नव्हती. दुसऱ्यांच्या लेकी माहेरी यायच्या तेव्हा त्यांच्या बंड्या नाल्यापलीकडूनच कुरकुरायच्या. आवाजावरूनच आया ओळखायच्या, चुलीवर पाणी ठेवायच्या, बाप धोतर सावरत वेशीपर्यंत जायचे. किसनरावांचं चाक मुकं. त्यातून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. फाटकाबाहेरचं सगळं धुरकट. मग वच्छला यायच्या दिवशी ते सकाळपासून फाटकाशी घोंगडीवर बसून राहायचे. दुरून कुणाचं चाक वाजलं की अर्धे उठायचे, आणि मग आठवायचं, की जे वाजतं ते आपलं नव्हे.

एका दिवाळीला तर दमणी त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, वच्छला उतरली, समोर आली, तरी ते नाल्याकडेच कान देऊन बसलेले.

"बाबा."

ते केवढ्यानं दचकले! "आली का वच्छी? मी आत्ताच येऊन बसलो होतो."

"आत्ताच?" सुभद्राबाई ओसरीवरून म्हणाल्या. "तांबडं फुटल्यापासून बसून हाये. दरसाल असंच करते. तुह्या दमनीचा आवाजच येत नाई ना, मंग उठून कवा जाव, ते कळत नाई यायले."

 वच्छला आत जाऊन चुलीपुढे बसली आणि धूर झाल्यासारखं डोळे पुसत राहिली.

त्या दिवाळीनंतर, वच्छला पातूरला परत जायच्या आदल्या दिवशी, किसनरावांनी नत्थुजीला बोलावून घेतलं. तोही आता म्हातारा झाला होता. हळूच म्हणाले, "नत्थुजी, एक आरा ढिला करून द्या. थोडंसं बोललं पायजे चाक."

नत्थुजीनं मान हलवली. "चाक तुमचं हाये, पन हात माहा हाये. असं चाक माह्यानं बिघडवनं होनार नाई, किसनराव. दुसरं काई सांगा." आणि तो निघून गेला. किसनरावांना राग आला नाही. नत्थुजी हो म्हणाला असता तरच आला असता. वच्छला आतून ऐकत होती.

पुढच्या आखजीला किसनराव तसेच फाटकाशी बसले होते. ऊन चढत होतं. नाल्याच्या बाजूनं बारीक आवाज आला, छुन, छुन, छुन. कुणाचं तरी लहान पोर चालत येतंय असं वाटलं. मग वाटलं, एवढं एका लयीत पोर कुठे चालतं? आणि हा आवाज तर आपण ऐकलेला आहे, पाळण्याजवळ बसून कितीदा ऐकलेला आहे. मैना आता पाच वर्षांची, तिच्या पायात ते वाळे होणार नाहीत.

"अवो!" ते ओरडले. "पानी ठेव चुलीवर! वच्छी आली!"

"तुमाले कोनं सांगतलं?" सुभद्राबाई आतून म्हणाल्या. पण किसनराव जागेवर होते कुठे? काठी घेतली आणि आवाजाच्या रोखानं चालू लागले, धुरकटातून, थेट नाल्यापर्यंत. दमणी थांबली. त्यांनी हात पुढे केला, तो चाकावर पडला. आरे चाचपले, एकही ढिला नव्हता. तुंब्याभोवती दोरीनं चांदीचे दोन वाळे बांधलेले होते.

"काढू का, बाबा?" वरून वच्छला म्हणाली. "तुमाले बोलनारं चाक आवडत नाई."

म्हाताऱ्यानं वाळ्यांवरचा हात काढला नाही. "राहू दे," ते म्हणाले. "बोलू दे त्याले, बापा. बोलू दे."